मदत हवी आहे : मोबाइलवर पान आडवे सरकू नये, यासाठी रुंदी कशी बांधावी?

ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीचे पान मी साध्या एचटीएमएल व सीएसएसमध्ये तयार करत आहे. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर ते उजवीकडे सरकते. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीनुसार मांडण्याची सूचना) दिलेला आहे, बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स आहे (म्हणजे रुंदीत आतली मोकळी जागा व कडा धरल्या जातात), चित्रांची कमाल रुंदी १०० टक्के आहे आणि १०० व्हीडब्ल्यू (पडद्याच्या पूर्ण रुंदीचे माप) कुठेही वापरलेले नाही. सहा रकान्यांचा तक्ता काढला की पान स्थिर राहते, म्हणजे अडचण तिथेच आहे.

बाहेरच्या चौकटीला ओव्हरफ्लो-एक्स हिडन (रुंदीबाहेरचा भाग लपवणे) दिल्यास शेवटचे रकाने कापले जातात आणि तिच्या आतली, वर चिकटून राहायला हवी अशी शीर्षपट्टीही पानाबरोबर निघून जाते. त्यामुळे तो उपाय मला मान्य नाही. तक्त्याभोवती ओव्हरफ्लो-एक्स ऑटो (गरजेपुरते आडवे सरकणे) असलेला डिव्ह, म्हणजे चौकट, घातला; पण तो ज्या मुख्य भागाच्या आत आहे, तो भाग ग्रिडच्या (पानाच्या रकानेवार मांडणीच्या) १ एफआर, म्हणजे उरलेली जागा घेणाऱ्या, रकान्यात असल्याने तक्त्याइतकाच रुंद होतो.

अक्षरे लहान करायची नाहीत, कारण वाचक बहुतेक ज्येष्ठ आहेत आणि बारीक जोडाक्षरे त्यांना वाचता येत नाहीत. जावास्क्रिप्टही टाळायची आहे.

पान स्थिर राहून फक्त तक्ता आपल्या चौकटीत सरकावा, यासाठी १ एफआरऐवजी मिनमॅक्स (०, १ एफआर), म्हणजे रकान्याचीच किमान रुंदी शून्य, लिहावे की त्या मुख्य भागाला किमान रुंदी शून्य द्यावी, आणि जुन्या अँड्रॉइड फोनवर यांपैकी अधिक भरवशाचे कोणते?