बी.एस्सी. गणित: अ‍ॅनालिसिसचा दुसरा पेपर ऐच्छिक करावा का?

फळ्यासमोर

आमच्या कॉलेजात नवा अभ्यासक्रम ठरतोय. तिसऱ्या वर्षाचा, लिमिट, कंटिन्युइटी यांच्या काटेकोर सिद्धता शिकवणाऱ्या रियल अ‍ॅनालिसिसचा दुसरा पेपर सक्तीचा न ठेवता ऐच्छिक करायचा आणि त्याच्या जागी डेटा अ‍ॅनालिटिक्स आणायचं, असा प्रस्ताव आहे. मी विरोधात बोललो आणि एकटा पडलो. पुढची बैठक व्हायची आहे, म्हणून या चर्चामंचावर मांडतो.

आधी हिशेब. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यातले मुख्य विषयाचे ६०. उरलेल्या ६० मध्ये मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, २४, कौशल्याला ९, शिवाय भाषा, मूल्यशिक्षण, इंटर्नशिप. आपल्या राज्यात विभागणी थोडी वेगळी आहे, पण गणिताचा वाटा साधारण निम्माच. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास धरले तर ६० क्रेडिटचे ९०० तास होतात. एवढ्या तासांत माणसाला गणिताचा पदवीधर करायचंय. डेटा अ‍ॅनालिटिक्सला माझी ना नाही. त्यासाठी कौशल्याचे ९ आहेत, मायनरचे २४ आहेत. ते सोडून या ६० मध्येच हात का घालायचा?

आता हा विषय मुलांना काय देतो ते सांगतो. एका मुलीला फळ्यावर बोलावलं होतं. क्ष वर्ग हे फंक्शन ३ पाशी कंटिन्युअस (अखंड) आहे हे सिद्ध करायचं होतं. म्हणजे एप्सिलॉन हे अंतर कितीही लहान दिलं, तरी असं डेल्टा अंतर शोधायचं की क्ष ३ पासून डेल्टाच्या आत असला की क्ष वर्ग ९ पासून एप्सिलॉनच्या आत राहील. तिनं लिहिलं, डेल्टा बरोबर एप्सिलॉन भागिले क्ष अधिक ३. मी म्हटलं, "अगं, डेल्टा तू आधी निवडायचास. क्ष अजून आलाच नाही, मग तो सूत्रात कसा?" दोन-तीन मिनिटं ती खडू धरून नुसती उभी होती. वर्ग गप्प. मग म्हणाली, "सर, क्ष ला आधी ३ पासून एकाच्या आत अडवते. मग क्ष अधिक ३ सातच्या पुढे जात नाही." आणि लिहिलं: १ आणि एप्सिलॉन भागिले ७, यांतला जो लहान तो डेल्टा. आधी काय ठरतं, नंतर काय, कोण कोणावर अवलंबून, हे तिला त्या दिवशी उमगलं. हे शिकवणारा दुसरा विषय मला तरी या पदवीत दिसत नाही.

रात्रपाळी

सर, मी तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. गणित केलं, २०१६ ला. अ‍ॅनालिसिसच्या दोन्ही पेपरांत चांगले मार्क होते. हाइन-बोरेल प्रमेय सिद्धतेसकट तोंडपाठ. कारण प्रश्न ठरलेले असायचे, सहापैकी चार लिहायचे. त्यानंतर सात महिने घरी बसलो. इंटरव्ह्यूत एकच विचारायचे, एसक्यूएल येतं का? डेटाबेसमधून माहिती काढायची ती भाषा मला नव्हती येत. मित्राच्या लॅपटॉपवर रात्री बसून शिकलो आणि विमा कंपनीत क्लेमच्या डेटावर काम मिळालं.

वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून फी भरली होती. पदवी हातात आल्यावर "आता काय?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पदवीच्या अटी ठरवताना त्या बापाचा विचार कोण करतं?

आणि तुमचं उदाहरण पहिल्या पेपरातलं आहे. तो कोणी काढत नाहीये. प्रश्न दुसऱ्याचा आहे.

फळ्यासमोर

बरोबर पकडलंत, उदाहरण पहिल्या पेपरातलंच आहे. पण त्याच मुलीला पुढचा प्रश्न विचारा: ३ पाशी चालणारा डेल्टा १००० पाशी चालेल? नाही. मग सगळीकडे पुरेल असा एकच डेल्टा मिळेल का? ० ते १० एवढ्यातच राहिलं तर मिळतो, एप्सिलॉन भागिले २० घ्या. पूर्ण संख्यारेषेवर मात्र कितीही लहान घेतला तरी पुरत नाही. ही युनिफॉर्म कंटिन्युइटी. ती आणि तिच्या पुढची युनिफॉर्म कन्व्हर्जन्स, म्हणजे फंक्शनांची क्रमिका सगळीकडे एकदमच जवळ येणं, हाच दुसऱ्या पेपराचा गाभा आहे. मालिकेचं एकेक पद घेऊन इंटिग्रेशन कधी करता येतं, याचं उत्तर इथेच मिळतं. पहिल्या पेपरावर थांबवलं तर मूल दारापर्यंत येऊन परत जातं.

स्वाती_नववी_ब

मी शाळेत गणित शिकवते, बी.एस्सी. नंतर बी.एड. केलं. एका मुलानं विचारलं, "बाई, ०.९९९... म्हणजे १ कसं? थोडं तरी कमी असेलच ना." दहानं गुणून वजाबाकी करायची युक्ती मी दाखवली, तर तो म्हणाला, "पण न संपणाऱ्या संख्येला गुणायचं कसं?" शंका अगदी रास्त होती. तेव्हा मला ०.९, ०.९९, ०.९९९ अशी क्रमिका मांडता आली. तू कितीही लहान अंतर सांग, त्याहून १ च्या जवळचं पद मी देते, असा खेळ आम्ही खेळलो. तो बराच वेळ अंतरं लहान करत गेला, मग स्वतःच थांबला.

हे बी.एड. ला मिळालं नाही. गणिताच्या पदवीधरांतले कितीतरी जण शाळेतच येतात. त्यांची गरज कोणी मोजत नाही, कारण शाळेतली नोकरी कोणाला 'करिअर' वाटत नाही.

रात्रपाळी

बाई, तुम्ही सांगितलेली क्रमिका पहिल्या पेपरातलीच. पण मुद्दा पटला. सरांच्या त्या मुलीची चूक आमच्याकडे रोज होते. जे उत्तर अजून हाती नसायला हवं, तेच मॉडेलला आधी दाखवून बसतात आणि आकडे छान आले म्हणून खूश होतात. त्याला डेटा लीकेज म्हणतात. म्हणजे ही शिस्त कामाची आहे, हे मला मान्य.

पण सर, मला कोणी फळ्यावर बोलावलं नाही. पन्नासच्या वर्गात तीन वर्षांत एकदाही नाही. मला वहीत उतरवून दिलं, मी पाठ केलं. तुम्ही ज्या अ‍ॅनालिसिससाठी भांडताय तो बहुतेक मुलांच्या वाट्याला येतच नाही. जे येतं त्याची सक्ती करून काय मिळतं?

घाटावरचा

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. शहरातल्यांना 'ऐच्छिक' म्हणजे काय ते नीट कळत नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला गणिताची ११ मुलं आहेत. दोन पेपरांपैकी एक निवडा म्हटलं तरी दोन वर्ग चालत नाहीत. एकच चालतो, आणि कोणता ते मुलं ठरवत नाहीत. शिकवायला कोण आहे त्यावर ते ठरतं. एकदा ऐच्छिक झाला की आमच्यासारख्या कॉलेजांतून हा पेपर दोन-तीन वर्षांत बंद होईल.

मग एम.एस्सी. साठी आयआयटीच्या जॅम परीक्षेला बसू पाहणाऱ्यानं काय करायचं? त्या अभ्यासक्रमात रियल अ‍ॅनालिसिस आहे, लिनिअर अल्जिब्रा आहे, ग्रुप थिअरी आहे. पुण्या-मुंबईचा मुलगा क्लास लावेल. आमच्याकडचा सकाळी सहाच्या एसटीनं येतो, त्याला कॉलेज हाच क्लास. रात्रपाळी, तुमची तळमळ कळते. पण तुमच्यासारख्याच मुलासाठी हा एक रस्ता कायमचा बंद होईल.

बाहेरगावी

इंग्लंडहून लिहितोय. केंब्रिजला गणिताच्या पहिल्या वर्षाला ग्रुप्स, अ‍ॅनालिसिस, व्हेक्टर्स आणि मॅट्रायसेस, डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी, डायनॅमिक्स हे सगळं असतं. पुढे संगणकावरचे प्रकल्पही येतात. र. पु. परांजपे १८९९ ला जिथे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले तिथली ही गोष्ट. शुद्ध की उपयोजित हा वादच तिथे पदवीच्या पातळीवर नाही, दोन्ही करावंच लागतं. ते जमतं, कारण विद्यार्थ्याचा सगळा वेळ गणिताला मिळतो. अर्ध्या वेळात पूर्ण पदवी बसवायला निघालात तर अ‍ॅनालिसिस विरुद्ध डेटा असं भांडण लागणारच. खरं भांडण १२० पैकी ६० या आकड्याशी आहे.

पाटणादेवी

त्या उरलेल्या ६० बद्दल. भारतीय ज्ञानपरंपरेच्या तासाला मुलांना झटपट गुणाकाराच्या युक्त्या शिकवतात, हे पाहून वाईट वाटतं. मी चाळीसगावची. आमच्या जवळच्या पाटणच्या देवळात १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला आणि त्याला दान मिळालं, त्याची ती नोंद. त्या मठात नक्कीच युक्त्या शिकवत नसणार. भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीनं ६१ गुणिले एका पूर्णांकाचा वर्ग अधिक १ बरोबर दुसऱ्या पूर्णांकाचा वर्ग, हे समीकरण सोडवलं. सर्वांत लहान उत्तर येतं २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. ही पद्धत दर वेळी उत्तरापर्यंत पोचून संपतेच, हे सिद्ध करायला लावा. तो तास खऱ्या गणिताचा होईल.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीनं गणिताच्या पदवी अभ्यासक्रमाचा मसुदा काढला, तेव्हा नऊशेहून अधिक गणितज्ञ आणि अभ्यासकांनी तो मागे घ्या म्हणून लिहिलं. बीजगणित, अ‍ॅनालिसिस आणि उपयोजित गणित यांना पुरेशी जागा नाही, ही त्यांची तक्रार होती. परंपरेचा अभिमान मलाही आहे, म्हणूनच मला त्यांचं म्हणणं पटलं.

फळ्यासमोर

रात्रपाळी, तुमच्या दुसऱ्या पत्रावर दोन दिवस विचार केला. सहापैकी चारवाली प्रश्नपत्रिका मीही वर्षानुवर्षं काढली आहे. तुमच्यासारखे किती जण माझ्याही वर्गातून तसेच गेले असतील. त्याचं खापर विषयावर फोडणं चूक आहे, पण आमच्यावर फोडलंत तर मला मान्य आहे.

बैठकीत आता असं मांडणार आहे. दुसरा पेपर सक्तीचाच राहील. अंतर्गत गुणांतले दहा फळ्यासमोरच्या तोंडीला, प्रत्येकाला सत्रात निदान दोनदा. एसक्यूएल आणि पायथन कौशल्याच्या क्रेडिटमधून, तेही दुसऱ्या वर्षापासूनच. घाटावरच्यांचा ११ मुलांचा मुद्दा त्यांच्या परवानगीनं तिथे सांगेन.

रात्रपाळी

तोंडी परीक्षा आली तर माझा अर्धा विरोध गेला. उरलेला अर्धा आहेच. कौशल्याचे पेपर कोण शिकवणार? आमच्याकडे तो तासही गणिताच्याच सरांकडे जायचा आणि ते बिचारे पुस्तकातला कोड फळ्यावर लिहायचे, लॅबमधले अर्धे संगणक सुरूच व्हायचे नाहीत. बैठकीत तेही विचारा. आणि पन्नास मुलांची दोनदा तोंडी घ्यायला किती तास लागतात, ते आधी मोजून जा. तिथे कोणीतरी नक्की विचारेल.