व्हेंटिलेटर: श्वास देणारा की वारा घालणारा?

– दारावरच्या झरोक्यालाही व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभागातल्या यंत्रालाही व्हेंटिलेटर. हे कसं काय? आणि यंत्राला मराठीत काय म्हणावं?

– लॅटिनमध्ये 'व्हेंटुस' म्हणजे वारा. त्यावरून 'व्हेंटिलारे', म्हणजे वारा घालणं किंवा धान्य उफणणं. तिथला 'व्हेंटिलाटोर' हा चक्क माणूस, उफणणारा! वस्तूला हे नाव पुढे मिळालं. स्टीफन हेल्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १७४३ साली व्हेंटिलेटरांवर पुस्तक काढलं, त्यात रुग्णांसाठीचं यंत्र नव्हतं. जहाजांत आणि तुरुंगांत कोंडलेली हवा उपसणारे मोठाले भाते होते. झरोकाही याच घरातला.

'व्हेंटुस' हा आपल्या 'वात'चा लांबचा भाऊ. संस्कृतातला 'वा' (वाहणे) धातू आणि 'व्हेंटुस' एकाच प्राचीन मुळातून आले. (अवांतर: 'निर्वाण'सुद्धा या 'वा'चंच. पण वाऱ्याबद्दल बोलायचं तर 'निर्वाण' चालत नाही, 'निर्वात' म्हणा, असं पाणिनी बजावतो.)

– पण 'श्वसनयंत्र' आहे की! रुळलेला शब्द.

– रुळलाय, पण तो 'रेस्पिरेटर'ला जास्त जुळतो. १९२८ साली ड्रिंकर आणि शॉ या अमेरिकी संशोधकांचं 'लोखंडी फुफ्फुस' वापरात आलं, म्हणजे रुग्णाला गळ्यापर्यंत आत ठेवून हवेच्या दाबाने श्वास घडवणारी पेटी. त्याला रेस्पिरेटर म्हणत. आता रेस्पिरेटर म्हटलं की एन-९५ मास्क आठवतो. शिवाय व्हेंटिलेटर श्वसन करत नाही, फक्त हवा आत ढकलतो. तिच्यातला ऑक्सिजन रक्तात उतरवायचं काम फुफ्फुसांचंच. तीच पार निकामी झाली तर नुसती हवा ढकलून भागत नाही. १९५२ च्या पोलिओ साथीत कोपनहेगनमध्ये वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, श्वासनलिकेला जोडलेली पिशवी हाताने दाबत बसले होते. 'व्हेंटिलाटोर' पुन्हा माणूस झाला म्हणायचा.

माझं मत 'वायुवीजक'ला. 'वायुवीजन' मराठीत आहेच, फक्त तो बांधकामवाल्यांच्या ताब्यात गेलाय. 'वीजन' म्हणजे वारा घालणं. आपला विंझणा, म्हणजे हातपंखा, याच गोतातला. म्हणजे लॅटिनमधलं चित्र जसंच्या तसं.

– व्युत्पत्ती पटली. पण 'पेशंटला वायुवीजकावर ठेवलंय' असं नातेवाइकांना सांगून बघा. ते म्हणतील, पंखा नको, व्हेंटिलेटर लावा!

– हरलो. बोलताना व्हेंटिलेटरच. पाठ्यपुस्तकापुरता तरी वायुवीजक द्या.