शिकण्याचा तास टाइमशीटच्या कोणत्या रकान्यात भरायचा?

हिंजवडी_फेज२

आमच्या कंपनीत या वर्षापासून प्रत्येकाने ४० तासांचे शिक्षण पूर्ण करावे असा नियम झाला असून, ते तास अप्रेझलमध्ये मोजले जाणार आहेत. नियमाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या तासांसाठी टाइमशीटवर, म्हणजे कोणत्या कामाला किती तास गेले ते भरायच्या तक्त्यावर, कामाचा कोडच दिलेला नाही, याला. दिवसाचे नऊ तास ग्राहकाच्या नावावर भरायचे आणि कुबरनेटिससारखे नवे तंत्र मात्र रात्रीची जेवणे आटोपल्यावर शिकायचे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. परिणामही व्हायचा तोच झाला आहे. व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून आवाज बंद केला जातो, शेवटची प्रश्नमंजुषा शेजारच्याच्या उत्तरांवरून सुटते आणि प्रमाणपत्र पोर्टलवर चढते. शिकण्याची संस्कृती खरोखरच हवी असेल, तर कंपनीने आठवड्याचे चार पगारी तास राखून ठेवावेत आणि ते युटिलायझेशनच्या (ग्राहकाला बिल लावलेल्या तासांच्या प्रमाणाच्या) हिशेबातून वगळावेत. भिंतीवरची पोस्टर त्यानंतर लावावीत.

जुना_कोबोलवाला

मी सहमत नाही. १९९८ साली वायटूकेच्या (सन २००० च्या तारखांनी संगणक बिघडू नयेत म्हणून केलेल्या दुरुस्तीच्या) कामावर रुजू झालेल्या माझ्या पिढीने जावा ही तेव्हाची नवी संगणकभाषा शिकली ती शनिवार-रविवारी, आणि त्यासाठी कोणी कोड द्यावा अशी आमची अपेक्षाही नव्हती. व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालाला तीन वर्षांत १२० तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण करावे लागते आणि तो ते स्वतःच्या वेळेत करतो; मग आपणच स्वतःला व्यावसायिक म्हणवून घेऊन शाळकरी मुलासारखी तासिका का मागावी? गूगलमध्ये कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या कल्पनांवर घालवायच्या २० टक्के वेळेचा दाखला कोणी देईल, म्हणून आधीच सांगतो : २००४ च्या संस्थापकांच्या पत्रात ती वेळ नेहमीच्या कामाव्यतिरिक्त असल्याचे म्हटले होते, आणि तेथे अनेक वर्षे काम केलेल्या मारिसा मेयर यांनी पुढे तिला १२० टक्के वेळ ठरवले. शिवाय ती कंपनी स्वतःची उत्पादने विकते. आपल्याकडच्या सेवा कंपन्या माणसांचे तास विकतात. न विकलेला तास हा त्यांच्या ताळेबंदात तोटाच असतो.

टेस्टिंगवाली_ताई

सनदी लेखापालाची तुलना येथे लागू पडत नाही. तो नवे काही शिकला तर वाढलेली फी त्याच्याच खिशात जाते. मी क्लाउडची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा ग्राहकाला लावलेला माझा दर पुढच्याच तिमाहीत वाढला, माझा पगार मात्र होता तेथेच राहिला. आणि 'शनिवार-रविवार' हा शब्द जरा जपून वापरावा, ही विनंती. ज्यांच्या घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासऱ्यांची औषधे दुसरे कोणीतरी पाहते, त्यांनाच तो वार मोकळा मिळतो. घरच्या वेळेत शिकायला लावणारी कंपनी हुशार माणसे निवडत नाही, मोकळी माणसे निवडते.

मनुष्यबळ_विभागातून

दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. आम्ही पगारी वेळेत सहा आठवड्यांचे प्रशिक्षण दिले आणि त्या तुकडीतले निम्मे लोक वर्ष संपण्याच्या आत तेच प्रमाणपत्र दाखवून दुसरीकडे गेले. त्यामुळेच बाँडचा विषय निघतो. एका सार्वजनिक बँकेची 'तीन वर्षे नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये' ही अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली, हे विसरू नये.

हिंजवडी_फेज२

तो निकाल सार्वजनिक बँकेचा आहे. तेथे पुन्हा भरती करायची तर जाहिरातीपासून परीक्षेपर्यंत सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागते. आपल्याकडे राजीनामा दिलेल्याच्या जागी सोमवारी दुसरा माणूस बसतो. आणि बाँडने माणूस थांबतो, शिकत नाही.

रात्रपाळीचा_लीड

वेळेचा वाद योग्य आहे, पण तुम्ही सगळेच शिकणे म्हणजे अभ्यासक्रम असे धरून चालला आहात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतली (तयार कोडच्या संचातली) त्रुटी उघड झाली तेव्हा आमच्या चमूतले अनेक जण तीन रात्रींत जे शिकले, ते दोन वर्षांच्या व्हिडिओंनी शिकवले नव्हते : आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाच्या लायब्ररीतून आलेली कोणती लायब्ररी दडलेली आहे, हेच कोणाला ठाऊक नव्हते. त्यानंतर आम्ही प्रत्येक बिघाडाचे टिपण लिहू लागलो आणि त्यात चुकणाऱ्याचे नाव घालायचे नाही असे ठरवले. पहिल्या दोन टिपणांत लोकांनी सावधपणे काहीच सांगितले नाही. तिसऱ्यात एका नवख्या मुलीने चुकीची कमांड आपणच दिल्याचे लिहिले आणि तिच्या अप्रेझलवर त्याचा डाग पडला नाही, हे सर्वांनी पाहिले. तेथून टिपणे खरी होऊ लागली. याला ग्राहकाचीही हरकत नसते, कारण ते त्याचेच काम आहे.

जुना_कोबोलवाला

हे मला पटते. मात्र यातून चालू कामाचे ज्ञान वाढते, पुढच्या कामाचे नाही. कोबोल या जुन्या संगणकभाषेतल्या बिघाडांची कितीही टिपणे लिहिली असती, तरी मला जावा आली नसती. त्यासाठी बेंचचा, म्हणजे ग्राहकाचे काम हाती नसतानाचा, काळ वापरावा.

टेस्टिंगवाली_ताई

कोणता बेंच? टीसीएसने जून २०२५ पासून वर्षाचे किमान २२५ दिवस बिलेबल (ग्राहकाला बिल लावता येणारे) असावेत आणि बेंचचे दिवस ३५ च्या वर जाऊ नयेत, अशी अट घातली. त्या दिवसांत अभ्यासाला बसलेल्या माणसाचा एक डोळा पुस्तकावर आणि दुसरा दिनदर्शिकेवर असतो. मला ते चार तास काम हातात असतानाच हवे आहेत.

हिंजवडी_फेज२

शुक्रवारी व्यवस्थापकांपुढे प्रस्ताव ठेवतो आहे : दोन तास ग्राहकाच्या कोडवर बिघाडाच्या टिपणांसाठी, दोन तास कंपनीच्या कोडवर नव्या विषयासाठी. पहिले दोन मिळतील असे वाटते.