अजिंठा: वाघूरची दरी श्रावणात आईवडिलांसह कशी पाहावी?

प्रश्न:
आम्ही श्रावणात जालन्याहून अजिंठ्याला जाणार आहोत. लेणी मी शाळेच्या सहलीत पाहिली, पण वाघूर नदीची घोड्याच्या नालासारखी वळलेली दरी नीट पाहायची राहून गेली. नदी कोठून ओलांडावी, एकाहत्तर वर्षांच्या वडिलांना समोरचा डोंगर चढवेल का, आणि मुलांना सातकुंड या धबधब्याच्या कुंडांत उतरू द्यावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
लेण्यांखाली नदीवर पादचारी पूल आहे; तो ओलांडून समोरच्या डोंगरावरील व्ह्यू पॉइंटला पायवाट चढते. ही चढण वडिलांना झेपणार नाही, असे मला वाटते. त्याऐवजी अजिंठा गावाकडून डोंगरमाथ्यापर्यंत गाडीने जावे. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी पहिल्यांदा दिसली ती याच बाजूने, असे सांगितले जाते. एका नजरेत सगळी दरी आणि तीसही लेणी येथूनच कळतात. त्यानंतर फर्दापूरला उतरावे. तेथे आपली गाडी ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते. लेण्यांच्या पायऱ्यांसाठी डोली मिळते.

उत्तर २:
वरील माहितीला एक जोड देतो. आज आपण ज्या वाटेने एका लेण्यातून दुसऱ्यात जातो ती अलीकडची आहे. पूर्वी प्रत्येक लेण्याच्या पायऱ्या स्वतंत्रपणे नदीत उतरत. सोळाव्या लेण्याच्या दाराशी दोन दगडी हत्ती आहेत, तेथे थोडा वेळ थांबून खाली पाहावे, म्हणजे भिक्षूंचे पाणी, येणेजाणे आणि वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच ठिकाणी मुक्काम करणे, या नदीशी किती बांधलेला होता, हे ध्यानात येते. मला स्वतःला चित्रांइतकीच ही जागा मोलाची वाटते.

सातकुंडाचा धबधबा लांबूनच पाहावा. दरीत ऊन असले तरी वर पठारावर पाऊस झाला, की पाणी अचानक चढते, आणि शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाय ठरत नाही. मुलांना कुंडात मुळीच उतरवू नये.

उत्तर ३:
श्रावणी सोमवार धरून बेत आखला असल्यास तो बदलावा, कारण सोमवारी लेणी बंद असतात.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. बेत सोमवारचाच होता, तो आता मंगळवारी नेतो. सकाळी आधी डोंगरमाथा, मग फर्दापूर, आणि वडिलांसाठी डोली.