पासाकाल्या : पालुपद की लेहरा?

प्रश्न : जर्मन संगीतकार बाखच्या ऑर्गनवरच्या सी मायनर पासाकाल्याबद्दल (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ५८२) लिहायला घेतलं आहे. 'पासाकाल्या'ला मराठीत 'पालुपद' म्हटलं तर चालेल का? मूळ अर्थ काय?

उत्तर : शब्द स्पॅनिश. 'पासार' म्हणजे चालणे, 'काये' म्हणजे रस्ता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये गाण्यांच्या मधल्या जागेत गिटारवर वाजवायच्या छोट्या तुकड्याला हे नाव होतं. इटलीत आणि फ्रान्समध्ये पोचेपर्यंत त्याचं रूप पालटलं : खर्जातली एक ओळ पुन्हापुन्हा वाजते आणि तिच्यावर दरवेळी नवं काही रचलं जातं.

म्हणून पालुपद नको. पालुपद कडवं संपल्यावर परत येतं. ही ओळ मुळात जातच नाही. आपल्याकडे सगळ्यात जवळचा शब्द 'लेहरा'. तबल्याच्या सोलोत पेटी किंवा सारंगी एकच ओळ धरून ठेवते आणि तिच्यावर कायदे, रेले (तबल्याच्या बोलांच्या रचना) उलगडत जातात, ते डोळ्यांसमोर आणा.

बाखची ओळ सा धरून लिहिली तर अशी होते (ग आणि ध कोमल) : सा प ग म प ध म प रे ग नि सा म प सा. आठ मापं, प्रत्येकी तीन मात्रा. पहिला सा मात्र समेच्या आधीच्या मात्रेवर. हे स्वर किरवाणी रागाचे आहेत, त्यामुळे आपल्या कानाला ती ओळ परकी वाटत नाही. आधी ती एकटी वाजते, तीही पायांनी. (संगीत नाटकातल्या ऑर्गनला पाय भात्यासाठी लागतात, चर्चच्या ऑर्गनला पायांसाठी स्वरांच्या वेगळ्या पट्ट्या असतात.) मग त्याच ओळीवर २० बदल.

ओळीचा पहिला अर्धा भाग बाखचा नाही. आंद्रे रेझों या फ्रेंच ऑर्गनवादकाच्या १६८८च्या पुस्तकात तो सापडतो. बाखच्या हातची प्रत हरवली आहे. रचना टिकली ती नकलांमुळे, आणि त्यांतली एक त्याच्या थोरल्या भावाच्या वहीत आहे.

प्रश्न : मग सरळ 'लेहरा'च लिहू?

उत्तर : समजावताना जरूर लिहा, नाव म्हणून नको. लेहरा काळ मोजून देतो, तबल्याचं काम अंगावर घेत नाही. इथे ओळ मध्येच पाय सोडून उजव्या हातात, सगळ्यात वरच्या स्वरांत चढते, आणि मग खर्ज तिच्याभोवती फिरायला मोकळा होतो. शेवटी तर तिचाच अर्धा भाग उचलून, न थांबता, फ्यूग (एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलत जातात अशी रचना) सुरू होते. लेहऱ्याच्या वाट्याला असं कधी येत नाही. 'पासाकाल्या' हाच शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा.

आणि लेखात फ्यूगच्या शेवटाजवळची एक जागा सोडू नका. सगळे आवाज एका स्वरसंगतीवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर, म्हणजे कॉर्डवर) येऊन अचानक थांबतात. त्या संगतीत कोमल रे आहे. मूळ ओळीत रे शुद्ध आहे, त्यामुळे तो कोमल रे अंगावर येतो. माझ्या मते सगळ्या रचनेतली ही सर्वोत्तम जागा. वाचकांना आधी ओळ चार वेळा गुणगुणायला सांगा, मगच ती ऐकवा.