चाळीच्या चौकात फिरता रंगमंच, 20 हजारात जमेल का?

गिरगावकर_तिसरामाळा:
मंडळी, आमच्या चाळीत गणपतीत दरवर्षी नाटक असतं. यंदाच्या नाटकात दोन घरं आहेत आणि प्रवेश इतके पटापट बदलतात की पडदा पाडून सोफा उचलत बसलो तर वरच्या गॅलरीतून शेरे येणार (येतातच, गेल्या वर्षी कोणीतरी "झालं का रे शिफ्टिंग" म्हणून ओरडलं होतं). म्हणून फिरता रंगमंच करायचं डोक्यात घेतलंय, फ्लॅट (म्हणजे नेपथ्याच्या रंगवलेल्या भिंती) पाठीला पाठ लावून उभे करायचे आणि अर्धा फेरा मारला की दुसरं घर. व्यास 10 फूट, चौकात त्याहून जास्त मावत नाही. बजेट सगळं धरून 20 हजार, त्यातली वर्गणी अजून अर्धी यायचीये. मोटर वगैरे नाही, पोरं ढकलतील. खाली कॅस्टर (ट्रॉलीला असतात तसली छोटी चाकं) आणि मधे एक पाइप, एवढंच ना?

विंगेतला_माणूस:
जमेल. पण कॅस्टर मागितले की दुकानदार सगळीकडे वळणारे पुढे करतो, ते घेऊ नका, फिक्स घ्या. वळणारं चाक उलट्या दिशेला निघताना आधी स्वतःभोवती गिरकी घेतं आणि तेवढ्यात वरची अख्खी फिरती चकती हिसका देते, आमच्याकडे त्या हिसक्यात देव्हारा आडवा झाला होता आणि नायिकेने "अगं बाई" म्हणून तो सावरला, लोकांना वाटलं नाटकातच आहे. फिक्स चाकाचा आस बरोब्बर मध्याकडे रोखलेला पाहिजे, मध्यावर खिळा ठोका, सुतळी ताणा आणि त्या रेषेवर एकेक चाक बसवा, अंदाजाने लावलंत तर प्रत्येक चाक आपल्या वाटेने जायला बघतं आणि चार जण लावूनही चकती हलत नाही. रबरी घ्या, नायलॉनची स्वस्त पडतात पण आवाज हातगाडीचा. नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा, चाकं, पाइप, नटबोल्ट सगळं एकाच खेपेत होईल.

सुतारपक्षी:
वरचं सगळं बरोबर, पण माझा प्रश्न वेगळा आहे. चौकाला उतार किती? जुन्या चाळींच्या चौकाला पावसाचं पाणी जायला ढाळ दिलेला असतो. त्यावर चाकं टेकवलीत की ज्या बाजूला माणसं जास्त ती बाजू आपोआप खालच्या अंगाला सरकणार, म्हणजे ऐन प्रवेशात घर मोरीकडे चाललंय. गवंड्यांची ती पारदर्शक नळी असते ना, पाणी भरून लेव्हल बघायची, ती आणा आणि मोजून सांगा.

गिरगावकर_तिसरामाळा:
मोजलं. 10 फुटात दोन इंच, मोरीकडेच 😅 आता?

सुतारपक्षी:
मग चाकं उलटी लावा. चकतीच्या पोटाला नाही, जमिनीवर एक लाकडी सांगाडा करा, त्याखाली पाचरी मारून तो आधी पाणसळीत आणा आणि चाकं त्यावर आभाळाकडे तोंड करून बसवा. चकती त्यांच्यावरून घसरत फिरते, जमीन कशीही असो काही फरक पडत नाही. बाहेरच्या रिंगणात मध्यापासून साडेचार फुटांवर 12 चाकं, आत अडीच फुटांवर 6. फक्त सगळ्यांची उंची एकच हवी, एक जरी कमी पडलं तर त्या जागी चकती दबते आणि पाय ठेवला की कुरकुरते.

चकतीला 12 एमएम प्लायचे दोन थर घ्या. एका थराला आठ बाय चारची 4 शीट लागतात, दुसरा थर आडवा फिरवून टाका म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. स्क्रूची टोकं खाली बाहेर यायला नकोत आणि खालच्या सांध्यांना लांबी (पुट्टी) भरून घासा, नाहीतर चाक तिथून जाताना ठक ठक. आठही शीट नवीन घेतलीत तर बजेट तिथेच उडालं, मांडववाल्याला विचारा, गेल्या वर्षीच्या मखराचा प्लाय कुठेतरी पडलेला असतोच. आणि काठाला ऑइलपेंटचा हात मारा, भाद्रपदात उघडा प्लाय पाणी पिऊन फुगतो.

मधे दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा, त्यावर दोन इंचीचा तुकडा ग्रीस लावून. वजन त्या पाइपवर येऊ द्यायचं नाही, त्याचं काम फक्त चकतीला जागेवर धरायचं.

नाटकवेडी_डोंबिवली:
दादा, एक सुचवू का, रागावू नका. दोनच घरं असतील तर एवढा खटाटोप कशाला? माणसाच्या उंचीचे तीन बाजूंचे खांब करा, प्रत्येक बाजूला वेगळं रंगकाम, चार-पाच खांब एकदम वळवले की घर बदललं, जुने ग्रीक लोक हेच वापरायचे. आम्ही केलेत, टेम्पोत सहज मावतात.

विंगेतला_माणूस:
खांबांनी भिंत बदलते हो, सोफ्याचं काय? तो पुन्हा उचलायचाच. आणि खरं सांगू, फिरत्या रंगमंचाची मजा वेगळीच. 1962 साली 'तो मी नव्हेच' आलं त्यात फिरता रंगमंच होता, पणशीकरांच्या लखोबाइतकंच लोक त्याबद्दलही बोलायचे, आमचे वडील तर कथानक सोडून तेच सांगत बसायचे. जपानात काबुकीवाल्यांनी (तिथलं पारंपरिक नाटक) ओसाकात 1758 साली केला तोही खालून माणसं ढकलूनच फिरवायचे, त्यामुळे मोटर नाही म्हणून लाजू नका.

ढकलणाऱ्यांना मात्र तालीम द्या. अर्ध्या फेऱ्यात काठ जवळजवळ 16 फूट फिरतो, त्याला 12 सेकंद घ्या, सुरुवात आणि थांबा दोन्ही हळू, नट पडतात ते झटक्याने, वेगाने नाही. थांबायच्या जागी रेडियमची पट्टी आणि दोन बाजूंना कड्या, घरच्या दाराच्याच. चकतीवर दिव्याची वायर असेल तर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असंच फिरवा, गोल गोल फिरवलंत तर वायर पाइपला गुंडाळून तुटेल. कडी लागल्याशिवाय कोणी चढायचं नाही, लहान पोरं तर मुळीच नाही, फटीत पाय जातो.

गिरगावकर_तिसरामाळा:
झालं बरं का! पहिल्या दिवशी फिरेचना, दोन चाकं तिरकी लागली होती, सुतळी लावून काढली आणि पुन्हा बसवली. काल रात्री पाच जण वर उभे, दोघांनी ढकललं, 14 सेकंद. आवाज आहे थोडा, पण ढोलकीवाला म्हणतो मी झाकतो. उंची आठ इंच झालीये, त्यामुळे आजीचं काम करणाऱ्या काकू म्हणतात मला मागून पायरी द्या नाहीतर मी पहिल्या प्रवेशापासून वरच बसून राहते. पायरी चकतीला जोडू की जमिनीवर सुटी ठेवू?

सुतारपक्षी:
सुटी. आणि फिरवायच्या आधी ती उचलायला एक पोरगा नेमा, त्याला दुसरं कामच देऊ नका.