मामांची १९९१ची एमएक्स-५: डावा दिवा अर्ध्यावर अडकतो

दांडियाबझारची_भाची
नमस्कार मंडळी. गाडी मामांची आहे. माझदा एमएक्स-५, १९९१ची, १६०० सीसी, दिवे बॉनेटमधून वर येणारी. मामा इंग्लंडहून कायमचे बडोद्याला परतले तेव्हा सामानाबरोबर आली. आता ते ७८चे आहेत, क्लच दाबवत नाही. म्हणून रविवारी मी तिला समा ते फतेहगंज फिरवून आणते, ते शेजारी बसून गिअर कधी टाकायचा ते सांगतात.

तक्रार अशी. दिव्यांचा स्विच फिरवला की उजवा खटकन वर येतो. डावा निघतो आणि अर्ध्यावर बसतो. कधी त्याच्या उलट: वर, खाली, परत वर, थांबायचं नावच नाही. अष्टमीला गरब्याहून परतताना सिग्नलवर हेच झालं. शेजारच्या अ‍ॅक्टिव्हावरच्या पोरांना वाटलं गाडी डोळा मारतेय. त्यांनीही परत मारला.

बॅटरी (हिची डिकीत असते) नवी घातली. फ्यूज बॉक्समधला 'रिट्रॅक्टर' लिहिलेला ३० अँपिअरचा फ्यूज शाबूत आहे. मोटरच्या टोकाला रबरी टोपीखाली एक घुंडी असते, ती हाताने फिरवली की दिवा वर येतो, पण एका जागी जड लागते.

एक सांगायचं राहिलं. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी मामांच्या अंगणात आलं होतं, गाडीच्या नंबरप्लेटच्या वरपर्यंत. तेव्हा सगळ्यांचं लक्ष मगरी कुठून येतात याकडे, गाडीकडे कोण बघतो. इंजिन वाचलं आणि दिवेही त्यानंतर वर्षभर नीट चालले.

गॅरेजवाला म्हणतो, "बेन, आखी मोटर बदलवी पडशे." मोटर बाहेरून मागवायची आणि त्याने सांगितलेल्या आकड्यात माझी स्कूटर येते. खरंच बदलावी लागेल का?

गिअर_पाचवा
मोटरचा प्लग काढा, घुंडीने दोन्ही दिवे वर करा आणि तसेच ठेवा. कटकट संपली.

दांडियाबझारची_भाची
हे मामांना वाचून दाखवलं. "मिटत नाहीत ते डोळे कसले," म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले. दुसरा उपाय सांगा.

वायरमन_प्रतापनगर
ताई, मोटर बदलायची घाई करू नका. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच जागी बोट दाखवतात.

वायपरची मोटर डोळ्यांपुढे आणा. स्विच कधीही बंद करा, वायपर काचेच्या मधोमध थांबत नाही, खाली जाऊनच थांबतो. तेच तंत्र इथे आहे. ही मोटर एकाच दिशेने फिरते. आर्मचा (दिवा उचलणाऱ्या दांड्याचा) अर्धा फेरा म्हणजे दिवा वर, उरलेला अर्धा म्हणजे खाली. कुठे थांबायचं ते गिअरबॉक्समधल्या चकतीवरच्या तांब्याच्या पट्ट्या ठरवतात. त्यांच्यावर स्प्रिंगच्या पत्त्या घासत असतात आणि पट्टी संपते तिथे करंट तुटतो. मध्येच घाण आली तर मोटरला वाटतं मुक्काम आला, म्हणून अर्ध्यावर थांबते. थांबायच्या जागी कळकट ग्रीसमधून करंट सुरूच राहिला तर ती फिरत राहते.

आधी खात्री करा. डाव्या मोटरचा प्लग काढून स्विच चालू करा आणि टेस्ट लॅम्प लावून १२ व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर वायरिंगला दोष देऊ नका. बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरचा स्क्रूही काढून घासा, पुरानंतर तिथे हमखास गंज असतो.

मग फ्यूज काढून खिशात ठेवा. तो न काढता लिंकेजमध्ये, म्हणजे दिवा उचलणाऱ्या दांड्यांमध्ये, बोट घालू नका. स्विचला कोणाचा धक्का लागला तर मोटर बोट बघत नाही. आर्म सोडवण्याआधी शाफ्टवर आणि आर्मवर मिळून एक खूण करा. झाकण उघडा, जुनं ग्रीस पेट्रोलने काढा (अंगणात, घरात नाही). तांब्यावर पॉलिशपेपर फिरवू नका, पट्टी आधीच पातळ असते. शाळेतला खोडरबर पुरतो. पत्त्या अगदी किंचित वाकवून दाब वाढवा. नवं ग्रीस दातऱ्यांना भरपूर, पट्ट्यांवर नुसता हात पुसल्याइतकं.

कोथरूडचा_प्रवासी
वायरमनकाकांना अनुमोदन. तरी तुमच्याकडे मोटर आहे हे नशीब समजा. १९६२च्या लोटस एलानमध्ये हे दिवे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर उचलले जायचे, रबरी नळी चिरली की दिव्यांचा भरवसा संपला. १९३६च्या कॉर्ड ८१०मध्ये तर डॅशबोर्डवरचे हँडल हाताने फिरवायचे, प्रत्येक दिव्याचं वेगळं. तुमच्याच गाडीच्या पुढच्या पिढीत माझदाने ही भानगड काढून साधे दिवे बसवले. मामांना हे सांगू नका.

दांडियाबझारची_भाची
काका, रविवारी उघडली!

प्लगमध्ये १२ व्होल्ट आले, म्हणजे गुन्हा मोटरचाच. झाकणाचे स्क्रू गंजलेले, एकाचं डोकंच गेलं, तो मामांनी पक्कड लावून काढला. आत ग्रीस कसलं, थंडीतल्या काकवीसारखा घट्ट तपकिरी गोळा, आणि एका कोपऱ्यात चक्क विश्वामित्रीचा गाळ, वाळून खडखडीत. घुंडी जड लागायची ती त्याच जागी. तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा हिरवा डाग. मुलीचा खोडरबर अर्धा झिजला, तेव्हा खाली गुलाबी तांबं दिसलं.

सगळं जोडून स्विच फिरवला तर दोन्ही दिवे ढिम्म. मी घामाघूम. मामांनी शांतपणे माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. फ्यूज.

आता दहापैकी दहा वेळा वर येतो, खाली जातो, थांबतो. खर्च ग्रीसचा आणि खोडरबरचा. स्क्रू मामांच्या डब्यात होता. फक्त मिटल्यावर डावा दिवा बॉनेटच्या किंचित वर राहतो, नखाला कड लागते.

वायरमन_प्रतापनगर
शाब्बास पोरी. आर्म खुणेवर बसला नाही. खूण कशाने केली होतीस?

दांडियाबझारची_भाची
मुलीच्या स्केचपेनने. पेट्रोलने पुसली गेली, मग अंदाजाने बसवला.

वायरमन_प्रतापनगर
खिळ्याने ओरखडा पाडायचा असतो गं. असो. उजव्या बाजूचा आर्म दिवा मिटलेला असताना कसा उभा आहे ते बघ, डावा आरशात बघितल्यासारखा तसाच हवा. फ्यूज काढ, नट सैल कर, आर्म जुळवून घट्ट आवळ. आणि झाकणाच्या कडेला पातळ सिलिकॉन लाव, जूनच्या आधी.

दांडियाबझारची_भाची
करते. मामा विचारतात, उजवी मोटरही उघडायची का? पाणी तिच्यातही गेलंच असेल.

वायरमन_प्रतापनगर
उघडा. डब्यात स्क्रू शिल्लक आहेत का तेवढं आधी बघा.